न चाखलेली आमटी

बावीस वर्षं मी देवळात माणसांसाठी स्वयंपाक केला आणि वाढायच्या आधी त्यातला एकही पदार्थ कधी चाखला नाही. हे ऐकलं की आपल्याकडचे लोक हात जोडतात आणि इंग्लिश लोकांच्या चेहऱ्यावर काळजी दिसते. दोघांनाही मी एकच सांगते, की यात थोरपण काही नाही, देवळाच्या स्वयंपाकघराची ती रीतच आहे. आधी देवाला नैवेद्य, मग माणसांना प्रसाद. देवाच्या आधी आपल्या जिभेला लागलं की ते उष्टं झालं, मग ते बोटभर असो की पातेलंभर.

आमचा आश्रम इंग्लंडात, मिल्टन कीन्सच्या बाहेर आहे. शेवटचा राउंडअबाउट संपला की दोन शेतं लागतात, मग मेंढ्या, मग आम्ही. पूर्वी तिथे मुलींची बोर्डिंग स्कूल होती. जिथे मुली उड्या मारायच्या त्या जिममध्ये आता राधाकृष्ण उभे आहेत आणि लाकडी फरशीवर बास्केटबॉलच्या रेषा अजून दिसतात. पंगत बसवायला त्या फार सोयीच्या पडतात. नव्या माणसाला सांगायचं, पिवळ्या रेषेवर बसा, की पंगत सरळ.

मी मूळची सांगलीची. इथे कशी आले, केव्हा आले हे सांगत बसत नाही, त्यात कुणाला रस असायचं कारण नाही. आश्रमात मी भाजी चिरायला म्हणून गेले आणि दोन महिन्यांत पळी माझ्या हातात आली, एवढंच. तिथले प्रमुख स्वामीजी इंग्लिश, यॉर्कशरचे. तरुणपणी हिंदुस्थानात गेले आणि दहा वर्षांनी भगवी कफनी घालून परत आले. सगळे मला नलूताई म्हणतात म्हणून 'ताई' हे माझं आडनाव आहे असं त्यांना बरीच वर्षं वाटत होतं. ख्रिसमसला त्यांचं कार्ड यायचं ते 'मिसेस ताई' या नावानं.

आता न चाखता स्वयंपाक करायचा कसा, ते सांगते. अर्धं काम कानाचं असतं. मोहरी तडतडायची थांबली की हिंग, भात खदखदायचा थांबला की झाकण. उरलेलं अर्धं नाकाचं. बेसन भाजताना ते आधी कच्चट वास देतं, मग खमंग होतं, आणि त्यानंतर जेमतेम मिनिटभर वेळ असतो, नाहीतर करपलंच. आमटी तळाला लागायला लागली तर डोळ्यांना काही दिसायच्या आधी नाकाला कळतं. लोकांना खरं वाटत नाही, पण मिठाचंसुद्धा नाकाला कळतं. अळणी आमटीची वाफ बोदी, निर्जीव असते, मीठ पडलं की मसाल्याचा वास उठून येतो. मी मूठ टाकायची, ढवळायची, पातेल्यावर वाकून एक श्वास घ्यायची आणि मग हवं तर चिमूट वाढवायची. सव्वाशे माणसांच्या आमटीत माझं मीठ कधी चुकलं नाही. लोक म्हणायचे नलूताईंच्या हाताला चव आहे. हाताला कसली, नाकाला होती.

एकदा कौन्सिलचे फूड इन्स्पेक्टर आले होते. फार सज्जन माणूस, डोक्याला जाळी घालून सगळीकडे फिरला, फ्रिजची तापमानं लिहून घेतली आणि मग विचारलं की पदार्थ बरोबर झाला की नाही हे तुमच्याकडे कोण तपासतं. मी देवाकडे बोट दाखवलं. त्यानं थोडा विचार केला आणि फॉर्मवर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते कळलं नाही, पण पाच स्टार मिळाले. लंडनमधल्या स्टॅनमोरचे एक गृहस्थ होते, ते दर एकादशीच्या आदल्या दिवशी फोन करून विचारायचे की किन्वा नावाचं ते धान्य उपासाला चालतं का. दर एकादशीला. मी दोन वर्षं हो म्हटलं, पुढे कंटाळून एकदा नाही म्हटलं, तर म्हणाले, तरीच मला वाटत होतं. अशी सगळी गंमत होती आणि दिवस मजेत जात होते.

मग कोविडची साथ आली. आश्रम बंद, आत राहणारे आठ जण आणि त्यांचं रांधायला रोज घरून जाणारी मी. साथीच्या दुसऱ्या हिवाळ्यात मलाही ताप आला. चार दिवसांत उतरला, सगळे म्हणाले स्वस्तात सुटलीस. पाचव्या दिवशी यांनी सकाळी माझ्यासाठी आल्याचा चहा केला आणि मी म्हटलं, अहो, आलं घालायला विसरलात. हे म्हणाले, बोटभर किसून घातलंय.

वास गेला होता, आणि त्याच्याबरोबर चवही. जिभेवर नुसता पुठ्ठा. जीपी, म्हणजे आमचे नेहमीचे डॉक्टर, म्हणाले की बहुतेकांचं परत येतं, वाट बघा. मी वाट बघितली. कॉफीचा डबा उघडून त्यात नाक घालून बसायचे, लवंग चोळून हुंगायचे. काही नाही. साध्या नोकरीत कुणी म्हटलं असतं, वास नाही तर नाही, काय बिघडलं. पण माझं सगळं काम नाकावर. चाखायचं नाही आणि आता वासही घेता येत नाही, म्हणजे आंधळ्यानं सुई ओवायची. स्वामीजींना सांगितलं असतं तर त्यांनी फार प्रेमानं मला खुर्ची दिली असती, शाल दिली असती आणि पळी दुसऱ्या कुणाच्या तरी हातात दिली असती. ते मला नको होतं. त्या स्वयंपाकघराबाहेर मी कोण होते? मिल्टन कीन्समधली एक सांधे दुखणारी म्हातारी. म्हणून मी कुणाला सांगितलं नाही. एक यांना माहीत होतं. हे म्हणत होते सांगून टाक. मी म्हणत होते तुम्हाला काय कळतंय.

वसंतात आश्रम पुन्हा उघडला आणि रविवारच्या पंगती सुरू झाल्या. पहिल्या रविवारी मी सवयीनं मूठ टाकली, ढवळलं, पातेल्यावर वाकले. काहीच नाही. मनात आलं, टाकलं ना मी मीठ? टाकलं होतं बहुतेक. बहुतेक या शब्दावर सव्वाशे माणसांचा स्वयंपाक सोडता येत नाही. मी आणखी अर्धी मूठ टाकली. त्या दिवशी कुणी काही बोललं नाही, तेव्हा वाटलं जमलं. पुढच्या रविवारी तसंच केलं.

इथे देवळातली दुसरी एक रीत सांगायला हवी, कारण सगळं रामायण तिच्यामुळे झालं. प्रसादाला नावं ठेवायची नसतात. गोड आहे, तिखट आहे, गार आहे, कच्चं आहे, एक शब्द काढायचा नाही. आणि पानात टाकायचं नाही. हे आपल्या लोकांच्या हाडीमाशी भिनलेलं असतं. जेवून उठणाऱ्या प्रत्येकाला मी दाराशी विचारायची, कसं झालं होतं? आपली माणसं म्हणायची, प्रसाद तो, अमृतच असणार. इंग्लिश माणसं म्हणायची, लव्हली. देवाला भिणारे एका बाजूला आणि संकोचानं मरणारे दुसऱ्या बाजूला, त्यांच्या मधून माझ्यापर्यंत खरं काही येण्याची सोयच नव्हती.

नाही म्हणायला खुणा होत्या. पाण्याचे जग पूर्वी एकदा भरले की पुरायचे, ते आता तीनदा भरावे लागत होते. मी म्हटलं, उन्हाळा आहे. इंग्लंडातला उन्हाळा, जोराचा पाऊस पडत असताना. आमटी वाढणाऱ्याला लोक हात आडवा करून "थोडीच, थोडीच" म्हणायला लागले होते. मी म्हटलं, लॉकडाउनमध्ये सुटलेली पोटं कमी करतायत. माणसाला बघायचं नसलं की सबबींना तोटा नसतो.

त्या दिवसांत माझ्या हाताखाली दोघी जणी नेमानं यायच्या. एक मृणाल. पुण्याची मुलगी, पस्तिशीची, नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आलेली आणि स्वतः एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. शनिवार-रविवार ती आश्रमात भाजी चिरायला येई. दुसरी जोन. सत्तरी ओलांडलेली, शेजारच्या खेड्यातली. ती जागा बोर्डिंग स्कूल होती तेव्हा तिथल्या मुलींना जेवण रांधणारी जोनच. शाळा बंद झाली, आम्ही आलो, आणि आपल्या किचनचं या लोकांनी काय केलंय ते बघायला म्हणून ती एक दिवस आली. बघितलं, नाक मुरडलं, म्हणाली सुऱ्यांना धार नाही. दुसऱ्या गुरुवारी धार लावायचा दगड घेऊन आली आणि तेव्हापासून दर गुरुवारी येऊन बटाटे सोलते. देवाबिवावर तिचा विश्वास नाही. मला नॅलू म्हणते.

दिवाळीला पाच आठवडे होते. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे अन्नकूट असतो. देवासमोर शेकडो पदार्थांचा डोंगर रचतात, लंडनहून, लेस्टरहून माणसं येतात आणि चारशे पानं उठतात. वर्षातला माझा सगळ्यात मोठा दिवस तो. मी गुरुवारी जोनशी त्याचंच बोलत होते, बोलता बोलता सवयीनं विचारलं, गेल्या गुरुवारची आमटी कशी होती? ती म्हणाली, लव्हली. मी म्हटलं, खरं सांग. ती बटाटा सोलत राहिली. मी पुन्हा विचारलं. तेव्हा तिनं सुरी खाली ठेवली.

"पाहुणी म्हणून विचारतेयस की स्वयंपाकीण म्हणून?"

"स्वयंपाकीण म्हणून."

"खारट असते, लव्ह. ईस्टरपासून खारट आहे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तोंडाला येईल ते बोलले मी. उकडलेला कोबी आणि कस्टर्ड याच्यापलीकडे ज्यांची जीभ कधी गेली नाही त्यांनी मला मीठ शिकवू नये, इथपर्यंत गेले. जोननं ऐकून घेतलं, एप्रन घडी करून हुकला अडकवला आणि निघून गेली. त्या गुरुवारनंतर दोन गुरुवार ती आली नाही. मीही फोन केला नाही. आज लिहिताना लाज वाटते.

दुसराही गुरुवार तसाच गेला, तेव्हा शनिवारी मृणाल आल्यावर मी तिला समोर उभं केलं आणि म्हटलं, देवाची शपथ घालत नाही, पण खरं सांग, माझं जेवण खारट होतं का? पोरीच्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हणाली, "ताई, प्रसादाला नावं कशी ठेवायची?" बस, मला उत्तर मिळालं. मग हळूहळू तिच्या तोंडून बाकीचं बाहेर आलं. रविवारी घरी जाऊन ती दहीभात खायची. निम्मे लोक घरी जाऊन दहीभात खायचे. दिवसभर ऑफिसात चुका काढणारी ती, तिनं सहा महिने ती आमटी गिळली आणि एक शब्द काढला नाही. घरी येऊन यांना विचारलं, तर हे पेपरमागे लपले. रविवारी आश्रमातच जेवायचे ना हेसुद्धा. "तुला आधीच वास येत नव्हता, त्यात आणखी कुठे," एवढं म्हणाले. घरचा माणूस मूग गिळून बसलेला, तिथे मी बाहेरच्यांना काय बोलणार?

ती रात्र मी कशी काढली ते सांगत नाही. खारट आमटीचं दुःख होतंच, पण खरं दुःख दुसरं होतं. देवापुढे मी सहा महिने असलं अन्न ठेवलं होतं. माणसं घरी जाऊन दहीभात खाऊ शकतात, देवाला ती सोय नाही.

रविवारी पंगत उठल्यावर मी स्वामीजींच्या ऑफिसात गेले आणि सगळं सांगितलं. वास गेल्याचं, लपवल्याचं, मिठाचं. आणि किल्ल्या टेबलावर ठेवल्या. स्वामीजींनी किल्ल्यांना हात लावला नाही. मग म्हणाले की त्यांना वाटत होतं ही त्यांची परीक्षा आहे. जिभेची आसक्ती सुटावी म्हणून देव खारट खायला घालतोय असं समजून ते रोज वाटीभर आमटी संपवत होते, आणि डॉक्टरांनी त्यांना ब्लडप्रेशरमुळे मीठ कमी करायला सांगितलं होतं. हसावं की रडावं मला कळेना. पुढे कळलं की प्रत्येकानं आपापला अर्थ काढला होता. गुजराती मंडळींना वाटायचं महाराष्ट्रात असंच करतात. महाराष्ट्रातल्यांना वाटायचं गुजराती मंडळींसाठी केलंय.

स्वामीजी म्हणाले, यात अवघड काय आहे, एक चमचा चाखत जा, देव रागावणार नाही. मी म्हटलं, देव नाही रागावणार, मी रागावेन. वीस वर्षं जे केलं नाही ते आता सोयीसाठी करायचं असेल तर मी घरी बरी. त्यांनी मान डोलावली. मग सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "ताई, इतक्या वर्षांत तुमच्याशिवाय ही आमटी आणखी कुणाला येते?"

कुणालाच येत नव्हती. बायका कितीतरी आल्या आणि गेल्या. हौसेनं आल्या, शिकायला आल्या. मी त्यांना कोथिंबीर निवडायला बसवलं, भांडी पुसायला लावलं. माझ्या कढईला दुसऱ्या कुणी पळी लावलेली मला खपत नसे. कुणी प्रमाण विचारलं की मी म्हणायची, अंदाजानं. अंदाज हा शब्द मी कुलपासारखा वापरत होते. स्वामीजींनी किल्ल्या माझ्याकडे सरकवल्या आणि म्हणाले, अन्नकूट होऊ दे, मग बघू. पण मिसेस ताई, एकटीनं नाही.

दुसऱ्या दिवशी मी जोनच्या घरी गेले. सोबत काही नेलं नाही, गोड न्यावं तर माझ्या हातचं कोण खाणार. दारातच सॉरी म्हटलं. तिनं आधी चहा दिला. मग म्हणाली, त्या किचनमध्ये मी तीस वर्षं एकही गोष्ट अंदाजानं घातली नाही, वजन करून घातली. मला सर्दी झाली तरी मुलींची ग्रेव्ही तीच. गुरुवारी ती वजनाचा काटा घेऊन आली. मी माझ्या मापानं मूठ भरायची, ती त्या काट्यावर ठेवायची, आकडा लिहायची, असं दहा वेळा केलं. दहाही वेळा मूठ जवळपास सारखीच. जोन म्हणाली, तुझ्या हातात काही बिघाड नाही, फक्त एकदाच टाक. मग तिनं कार्डांवर लिहून काढलं, इतक्या लिटरला इतके ग्रॅम. मिठाचा प्रश्न एका दुपारी सुटला. सहा महिने मी ज्यासाठी झुरत होते तो.

पण वासाला काटा नसतो. तिथे मृणाल आली.

पहिल्या दिवशी बेसन भाजायला घेतलं. मी कढईपाशी आणि मृणाल माझ्या खांद्याशी. मी विचारलं, कसा वास येतोय? म्हणाली, छान. मी म्हटलं, छान हा वास नसतो, ते तुझं मत झालं. वास सांग. ती गोंधळली. मराठी तिची घरची, पण वासाला शब्द लागतात हे तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं. मग मी एकेक देत गेले. हा कच्चट. पाच मिनिटांनी बघ, हा खमंग. आणि हा त्याच्या पुढचा, खरपूस, इथे उतरवायचं. मुद्दाम मूठभर बेसन करपवलं आणि म्हटलं, हा करपट, हा जन्मात विसरू नकोस. जुना खोबऱ्याचा डबा उघडून दिला, हा खवट. दूध नासायच्या आधी आंबूस वास येतो तो, हिंग कच्चा राहिला की उग्र वास येतो तो. ती हुंगायची, शब्द म्हणायची, चुकायची. मला काहीच कळत नव्हतं, तिच्या तोंडाकडे बघून मी ओळखायची. ती खमंग म्हणाली आणि तिचे डोळे जरा मोठे झाले की मी गॅस बंद करायची.

त्या अन्नकूटाला चारशे दहा पानं उठली. मृणाल पातेल्या-पातेल्यांवरून वाकत फिरत होती आणि तिथूनच मला ओरडून सांगत होती, ताई, वरणाला कच्चट, ताई, शिरा झाला, ताई, इकडे लागतंय. बाहेरून कुणी ऐकलं असतं तर वेड्यांचा बाजार वाटला असता. जोन काट्यापाशी बसून मीठ मोजून देत होती आणि मध्येच विचारत होती, या तुमच्या ख्रिसमसला इतके बटाटे का लागतात. नैवेद्य दाखवला, पंगत बसली. आमटीसाठी हात आडवे झाले नाहीत. पाण्याचे जग एकदाच भरले. मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून भरपूर रडले आणि तोंड धुऊन पुन्हा कामाला लागले.

त्यानंतर मी आणखी दीड वर्ष काम केलं. आधीच्या वीस वर्षांपेक्षा ती दीड वर्षं मला जास्त आवडली. रोज काहीतरी सांगायचं असायचं आणि ऐकायला कुणी असायचं. जीभ हळूहळू थोडी सुधारली. खारट, गोड, आंबट एवढं आता नीट कळतं. वास आला नाही तो नाहीच. या वर्षी रामनवमी झाल्यावर मी स्वामीजींना म्हटलं, आता पुरे, गुडघे ऐकत नाहीत. मृणालनं ऑफिसचे दिवस कमी करून घेतले होतेच. किल्ल्या तिला दिल्या. स्वामीजींनी मला शाल दिली आणि खुर्चीही दिली. आता दोन्ही आवडीनं घेतली.

निवृत्त झाल्यावरच्या पहिल्या रविवारी आम्ही दोघं पंगतीला गेलो. गुडघ्यांमुळे मी माझ्या खुर्चीवर आणि हे पिवळ्या रेषेवर. स्वयंपाक सगळा मृणालनं एकटीनं केलेला.  स्वतःच्या हातच्या जेवणाची एवढी धाकधूक मला कधी झाली नव्हती. नैवेद्य झाला, वाढप सुरू झालं, वाटीत आमटी आली. मी पहिला घोट घेतला.

मीठ कमी होतं. थोडंथोडकं नाही, चांगलंच कमी. शेजारी लेस्टरच्या एक बाई बसल्या होत्या, त्या डोळे मिटून म्हणाल्या, अमृत. पलीकडून कुणी म्हणालं, लव्हली. माझ्या मनात आलं, आपणही म्हणावं. पोरीचा पहिला दिवस, सगळे खूश आहेत, आपण कशाला. शिवाय प्रसादाला नावं ठेवायची नाहीत ही शिकवण काय फक्त दुसऱ्यांसाठी आहे? हे माझ्याकडे बघत होते. त्यांनीही घोट घेतला होता आणि त्यांनाही कळलं होतं.

तेवढ्यात मृणाल स्वतःच आमटीची बादली घेऊन पंगतीतून आली. माझ्यापाशी येऊन वाकली. कसं झालंय असं तिनं विचारलं नाही. वाढू का, एवढंच विचारलं.

मी हळूच म्हटलं, "आमटीत मीठ कमी आहे."

तिचा चेहरा पडेल म्हणून मी खाली बघत होते. माझा पडला होता ना, मी तर भांडले होते. पण ती लगेच म्हणाली, "किती?"

मी म्हटलं, आपल्या मापानं अर्धी मूठ. तिनं बादलीत बघितलं. मग म्हणाली की लोक जास्त आले म्हणून शेवटी पाणी वाढवलं आणि मीठ वाढवायचं राहिलं. नैवेद्य होऊन गेला होता, आता आमटीत मीठ घालायला हरकत नव्हती. ती बादली घेऊन आत गेली, पाच मिनिटांनी वाफाळती परत घेऊन आली आणि पहिली पळी माझ्या वाटीत वाढली. मी घोट घेतला आणि मान हलवली, तशी ती पुढच्या पानाकडे गेली.

मी आमटीभात कालवला. स्वयंपाकिणीनं शेवटी बसायचं आणि उरलंसुरलं, निवलेलं खायचं, त्यामुळे बावीस वर्षांत त्या देवळात मी पहिल्यांदाच गरम जेवले.